लांबघरातली माणसं : इरोक्वाय लोकांचं रोजचं जगणं, रीतीभाती आणि राज्यकारभार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये उन्हाळ्यात पाहुणे असतातच, आणि पाहुणे आले की नायगारा ठरलेला. ऑल्बनीहून बफेलोकडे जाणारा हमरस्ता साधारणपणे इरोक्वाय लोकांच्या जुन्या पायवाटेच्या दिशेनेच जातो. वाटेत ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका या तळ्यांच्या पाट्या लागतात आणि गाडीत मागून प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांची मी जमवलेली उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

इरोक्वाय म्हणजे नेमके कोण?

एकच जमात नव्हे, तर सहा राष्ट्रांचा संघ. पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालं तर मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा आणि सेनेका ही मूळची पाच. सहावं टस्करोरा. ते दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनात राहत होते. तिथल्या गोऱ्या वसाहतींशी झालेल्या युद्धात जमीन गेली, तेव्हा ते उत्तरेला आपल्या भाषाबंधूंकडे आले आणि १७२२च्या सुमारास त्यांना संघात घेतलं गेलं.

‘इरोक्वाय’ हे नाव फ्रेंचांच्या तोंडून आलं. ते स्वतःला होदिनोशोनी म्हणवतात, म्हणजे लांबघर बांधणारे लोक. ‘मोहॉक’ हे नावही शेजारच्या शत्रूंनी दिलेलं आहे आणि त्याचा अर्थ चांगला नाही. त्यांचं स्वतःचं नाव ‘गारगोटीच्या प्रदेशातले लोक’ अशा अर्थाचं आहे. मोहॉक भाषेत ओठ मिटून काढायचे आवाज नाहीत, म्हणजे आपला प, फ, ब, भ, म हा अख्खा पवर्ग नाही. जगाने ज्या नावाने त्यांना ओळखलं, त्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा त्यांच्या भाषेत नाही! हे कळल्यापासून मी शक्य तिथे होदिनोशोनी हेच नाव वापरते.

‘रेड इंडियन’ म्हटलं तर चालेल का?

नाही. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांतून हा शब्द रुळला, पण त्यांना तो अपमानाचा वाटतो. राष्ट्राचं नाव माहीत असेल तर तेच घ्यावं: सेनेका, ओनोंडागा वगैरे. नसेल तर ‘मूळ रहिवासी’ म्हणावं.

लांबघर कसं असायचं?

चाळ डोळ्यांसमोर आणा, पण मजले नसलेली, आणि खोल्यांना मधल्या भिंती नसलेली. खांब रोवायचे, वर लवचीक फांद्यांची कमान करायची आणि सगळ्यावर एल्म झाडाच्या सालीचे मोठे पत्रे बांधायचे. रुंदी आणि उंची साधारण सहा-सहा मीटर. लांबी मात्र कुटुंबावर अवलंबून. वीस मीटरपासून साठ मीटरपर्यंत घरं असत, आणि शंभर मीटरच्या पुढे गेलेल्या घरांचे अवशेषही सापडले आहेत. घरातली मुलगी लग्नाची झाली, जागा कमी पडू लागली, की घराचं एक टोक उघडून आणखी काही खण वाढवायचे.

मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट. वाटेवर ठरावीक अंतराने चुली. प्रत्येक चुलीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कुटुंबं. एक चूल दोघींची. झोपायला जमिनीपासून थोडे उंच बाक, त्यांवर चटया आणि कातडी, वरच्या फळीवर सामान. आढ्याला मक्याच्या कणसांच्या वेण्या टांगलेल्या. कणसाची साल मागे ओढून ती एकीत एक गुंफत गेलं की लांबलचक वेणी तयार होते, आणि मका हवेशीर राहतो. ही वेणी घालायचं काम आजही शरद ऋतूत सगळे मिळून करतात.

धूर छपरातल्या भोकांतून बाहेर जायचा. पाऊस आला की भोक झाकायचं, मग धूर आतच. युरोपीय पाहुण्यांनी या धुराबद्दल भरपूर तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. चुलीवर स्वयंपाक केलेल्या आपल्या आजीला त्यात नवल वाटलं नसतं.

मग घर कोणाचं?

बायकांचं. संपूर्ण माहितीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो.

लांबघरात राहायच्या त्या एका कुळातल्या बायका: आजी, तिच्या मुली, बहिणी, नाती. नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला यायचा. मुलं आईच्या कुळाची. शेत बायकांच्या ताब्यात, पीक बायकांचं, कोठीतलं धान्य बायकांच्या हुकमाशिवाय हलायचं नाही. नवरा-बायकोचं पटलं नाही तर त्याची वळकटी दाराबाहेर, आणि तो आपल्या आईच्या घरी परत. मुलं कुठे जाणार हा प्रश्नच उद्भवत नसे.

धान्य हाती असल्याचा अर्थ किती खोल जातो ते पाहा. लढाईवर किंवा लांबच्या शिकारीवर निघायचं तर शिदोरी लागते: भाजून कुटलेला मका, त्यात थोडी मेपलची साखर. पायांत घालायचे हरणाच्या कातड्याचे जोडेही लागतात. दोन्ही बायका करायच्या. एखादी मोहीम त्यांना पटली नाही तर त्या शिदोरी आणि जोडे द्यायचं नाकारत, आणि मोहीम घरातच अडायची.

कुळं कोणती? आपल्या देवकासारखी का?

बऱ्याच अंशी. मोहॉक आणि ओनायडा यांच्यात तीनच कुळं: अस्वल, लांडगा, कासव. इतरांत त्यांच्याशिवाय हरीण, बीव्हर, ससाणा, बगळा, पाणलावा, वाम अशी जास्त आहेत. एका कुळात सोयरीक नाही, हे आपल्याकडच्या ‘एक देवक, लग्न नाही’ या नियमाच्या जवळचं. फरक एवढा मोठा की आपलं देवक बापाकडून येतं, त्यांचं कुळ आईकडून.

कुळ राष्ट्राच्या सीमा ओलांडतं. मोहॉक गावातला कासव कुळातला माणूस आठवडाभर चालून सेनेका गावात पोचला, तर दारावर कासव कोरलेलं घर शोधायचा. तिथे त्याची भावंडंच राहत असत. त्याला जेवणखाण आणि झोपायला जागा मिळे. राजकीय संघ इतका टिकला त्यात या नात्यांच्या विणीचा वाटा फार मोठा आहे.

नात्यांची नावं आपल्यासारखी आहेत का?

‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण त्यांना एका दमात समजेल. सेनेका भाषेत आई आणि मावशी यांना एकच शब्द, वडील आणि काका यांना एकच शब्द. मावशीची आणि काकांची मुलं सख्खी भावंडं म्हणूनच मोजली जातात. मामा आणि आत्या मात्र वेगळे, त्यांची मुलं वेगळ्या नात्याची. ल्यूइस हेन्री मॉर्गन या रॉचेस्टरच्या वकिलाने ही नाती नोंदवली. त्याला ईली पार्कर या तरुण सेनेकाची मोठी मदत झाली. पुढे मॉर्गनने जगभरातून नात्यांच्या याद्या मागवल्या, तेव्हा दक्षिण भारतातून आलेली तमिळ नात्यांची यादी सेनेकांशी इतकी जुळली की तो चकित झाला. मानववंशशास्त्रात या नातेपद्धतीला आजही ‘इरोक्वाय पद्धत’ असंच नाव आहे. मामेबहीण-आतेभाऊ आणि चुलत-मावस यांतला फरक ज्या मराठी घरांत लग्नाच्या वेळी काटेकोर पाळला जातो, त्यांना हे समजवावं लागत नाही.

ईली पार्करची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे. सेनेका असल्यामुळे अमेरिकेचा नागरिक नाही, या कारणाने त्याला वकिलीची परवानगी मिळाली नाही. तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकला, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या सैन्यात गेला, आणि १८६५ साली दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली तेव्हा त्या अटींची अंतिम प्रत पार्करच्या हातची होती.

ते काय खात असत?

मका, घेवडा, भोपळा. या तिघींना ते बहिणी म्हणतात, आणि ‘आम्हाला जगवणाऱ्या’ असंही म्हणतात.

लावणीची रीत अशी: वसंतात ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की माती उकरून छोटे उंचवटे करायचे. प्रत्येकात मक्याचे दाणे. मका वीतभर झाला की शेजारी घेवडा टोचायचा आणि मधल्या जागेत भोपळा. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो आणि मातीला नत्र देतो. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, त्यामुळे ओल टिकते आणि तण माजत नाही. नांगर नाही, बैल नाहीत, तरी तीन पिकं एका वाफ्यातून. आपल्याकडे ज्वारीत तूर किंवा बाजरीत मटकी पेरणाऱ्या शेतकऱ्याला यातलं शहाणपण लगेच कळेल.

आणखी एक गोष्ट, जी मला दरवेळी सांगावीशी वाटते. या तिन्ही बहिणी मूळच्या अमेरिका खंडाच्याच. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जग बदललं नसतं, तर आपल्या परसातला लाल भोपळा, श्रावणघेवडा, साताऱ्याजवळच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि पावसात भाजलेलं कणीस, यांतलं काहीच आपल्या ताटात नसतं.

मका ते तसाच दळत नसत. कठीण लाकडाची चाळलेली राख घातलेल्या पाण्यात तो आधी उकळायचा, दाण्याची साल सुटली की खास विणलेल्या टोपलीत घालून ओढ्यावर खळखळून धुवायचा. मग झाडाच्या बुंध्यातून कोरलेल्या उखळात, दोन्ही टोकांना जाड असलेल्या मुसळाने दोघींनी आळीपाळीने कांडायचा. राखेमुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. युरोपात मका गेला, पण ही कृती गेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटलीतल्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने ग्रासलं. कांडलेल्या पिठात शिजवलेला घेवडा घालून जाड चपट्या भाकऱ्या थापायच्या आणि त्या उकळत्या पाण्यात शिजवायच्या. वरून तुपाच्या जागी अस्वलाची चरबी किंवा सूर्यफुलाचं तेल.

याशिवाय हरणाचं मांस, मासे, वाम, रानातली स्ट्रॉबेरी, आक्रोड, आणि वसंताच्या सुरुवातीला मेपलचा रस.

ठरलेलं जेवण दिवसातून एकदाच, सकाळ उलटल्यावर. पण हंडी चुलीवर कायम असायची. कोणीही आलं, अगदी अनोळखी, की आधी पुढ्यात वाडगं, मग विचारपूस.

पुरुष काय करायचे?

जंगल तोडून शेतासाठी जमीन मोकळी करणं, घरं आणि गावाभोवतीचं लाकडी कुंपण बांधणं, शिकार, मासेमारी, व्यापार, लढाई आणि वाटाघाटी. दहा-वीस वर्षांनी जमीन थकायची, जळण लांब जायचं, मग गाव उचलून नवी जागा शोधायची. तेव्हा या सगळ्याची पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यांचा धर्म काय?

‘धर्म’ या शब्दाला नेमका जोड नाही. सगळ्याचा पाया आहे कृतज्ञता. कोणतीही सभा, उत्सव, शाळेचा दिवस सुरू करताना एक उच्चारण होतं, ज्याला ‘सगळ्याच्या आधीचे शब्द’ म्हणतात. माणसं, पृथ्वी, पाणी, मासे, झुडपं, फळं, तिघी बहिणी, औषधी, प्राणी, झाडं, पक्षी, चार दिशांचे वारे, गडगडाट करणारे आजोबा, थोरला भाऊ सूर्य, आजी चंद्र, तारे आणि निर्माता, अशी एकेकाची नावं घेऊन आभार. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘आता आपली मनं एक झाली’ आणि जमलेल्यांचा होकार. यात मागणं काहीच नाही. मी पहिल्यांदा ते संपूर्ण ऐकलं तेव्हा मला पसायदानाची आठवण झाली. पण पसायदानात देवापाशी मागितलेलं आहे, इथे मिळालेल्याची मोजदाद आहे.

वर्षाचे उत्सव पिकांना बांधलेले: मेपल, पेरणी, स्ट्रॉबेरी, घेवडा, कोवळा मका, सुगी. सर्वांत मोठा मध्य-हिवाळ्याचा. कृत्तिका संध्याकाळी डोक्यावर आल्या की त्यानंतरच्या अमावास्येपासून पाच दिवस मोजून तो सुरू होतो. घराघरांत चुलीतली राख ढवळतात, म्हणजे वर्ष नव्याने पेटतं. मुलांची नावं ठेवण्याची वेळ हीच, किंवा कोवळ्या मक्याच्या उत्सवाची. नाव कुळाच्या मालकीचं असतं. एक नाव एका वेळी एकाच जिवंत माणसाकडे. तो गेला की नाव कुळाकडे परत.

माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी जेवण असतं आणि त्याच्या वस्तू वाटल्या जातात. आपल्या दहाव्याशी याचा संबंध जोडू नये, पण ऐकताना अंगावर काटा येतो खरा. कुळं दोन बाजूंत वाटलेली असतात, आणि अंत्यविधीची कामं शोकात असलेल्या बाजूने करायची नसतात. समोरच्या बाजूची कुळं ती करतात, कारण त्यांची मनं स्वच्छ असतात.

संघ कसा झाला?

ही कथा पूर्ण सांगायला अनेक दिवस लागतात. मी फक्त सांगाडा देते.

पाचही राष्ट्रं एकमेकांच्या रक्ताची तहानलेली होती. एक खून, त्याचा सूड, सुडाचा सूड. उत्तरेकडून एक माणूस पांढऱ्या दगडाच्या होडीतून आला. त्याला शांतिदूत म्हणतात. त्याचं खरं नाव सहज उच्चारायचं नाही असा संकेत आहे, म्हणून मीही लिहीत नाही. त्याचं म्हणणं सर्वांत आधी मान्य केलं ते एका बाईने, जिगोनसासेने. तिचं घर वाटेवर होतं आणि लढायला जाणाऱ्या सगळ्याच बाजूंना ती जेवू घालत असे. म्हणूनच प्रमुख निवडण्याचा अधिकार बायकांकडे दिला गेला, असं परंपरा सांगते.

दुसरा साथी हायावाथा. त्याच्या मुली एकेक करून गेल्या आणि तो दुःखाने वेडापिसा होऊन रानोमाळ भटकत राहिला. तळ्याकाठच्या शिंपल्यांचे मणी ओवून तो स्वतःशी म्हणे, कोणी माझ्यासारखा शोकात दिसला तर मी हे हातात घेऊन त्याचं सांत्वन करीन. शांतिदूताने ते शब्द उचलले आणि त्याचंच सांत्वन केलं: मऊ कातड्याने डोळ्यांतले अश्रू पुसले, पिसाने कानांतली धूळ काढली, पाण्याने घशातला आवंढा मोकळा केला. कोणी प्रमुख गेला की आजही याच क्रमाने हा विधी होतो. ज्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलवत नाही, त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा कशी करणार? आधी शोक, मग राज्य. जगातल्या कुठल्या राज्यघटनेची सुरुवात अशी होते, हे मला सांगा.

शेवटचा विरोधक ओनोंडागांचा तादोदाहो, ज्याच्या केसांत साप वळवळत होते. त्याला मारलं नाही. त्याच्या केसांतले साप विंचरून काढले, आणि त्यालाच सभेचा अध्यक्ष केलं. अध्यक्षाला आजही तादोदाहो म्हणतात. मग पांढऱ्या पाइनचं झाड उपटून, त्याखालच्या खड्ड्यात शस्त्रं टाकून, झाड पुन्हा लावलं. तो शांतिवृक्ष. या कायद्याला ‘शांतीचा महान कायदा’ म्हणतात.

हे कधी घडलं? तोंडी परंपरेत सूर्यग्रहणाचा उल्लेख आहे. त्यावरून काही अभ्यासक ११४२ सालचं ग्रहण धरतात. पुरातत्त्वाचा पुरावा पाहणारे अनेकजण १४५० ते १६०० हा काळ मानतात.

कारभार कसा चालायचा?

सगळा देशच एक लांबघर आहे अशी कल्पना. मोहॉक पूर्व दाराचे राखणदार, सेनेका पश्चिम दाराचे, मधली चूल ओनोंडागांची. महासभा तिथेच भरते.

एकूण पन्नास प्रमुख: ओनोंडागा १४, कयूगा १०, मोहॉक ९, ओनायडा ९, सेनेका ८. आकडे असमान, पण त्याने बिघडत नाही, कारण मतदान नाही. प्रश्न आधी मोहॉक आणि सेनेका या थोरल्या भावांकडे जातो. त्यांचं एकमत झालं की चुलीपलीकडे धाकट्या भावांकडे, ओनायडा आणि कयूगांकडे. दोन्ही बाजू जुळल्या की ओनोंडागा शिक्कामोर्तब करतात. नाही जुळल्या तर पुन्हा पहिल्यापासून. बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. तो बसल्यावरही काही क्षण शांत राहायचं, त्याला काही आठवलं तर बोलता यावं म्हणून. बेंजामिन फ्रँकलिनने ही शिस्त पाहून आपल्या लोकांच्या गोंधळाशी तिची तुलना केली होती.

वेळ लागतो? लागतो. त्यांना तो दोष वाटत नाही.

प्रमुख कोण निवडतं?

कुळमाता. कुळातल्या बायकांशी बोलून ती नाव सुचवते, मग कुळ, राष्ट्र आणि महासभा ते स्वीकारते. तिने त्याला लहानपणापासून पाहिलेलं असतं: कोण रडणाऱ्या भावंडाला उचलतं, कोण चिडतं, कोण वाटून खातं. अधिकाराची खूण म्हणून प्रमुखाच्या शिरोवेष्टनावर हरणाची शिंगं. तो चुकू लागला तर तीन वेळा समज दिली जाते. तरी ऐकलं नाही तर शिंगं काढून घेतली जातात. त्याच्या कातडीची जाडी सात वितींची असावी, म्हणजे टीका आत पोचू नये, असं कायदा सांगतो. निर्णय घेताना अजून जमिनीखाली असलेले, न जन्मलेले चेहरे डोळ्यांपुढे ठेवावेत, असंही.

बायका महासभेत सहसा स्वतः बोलत नसत. त्यांचा निवडलेला वक्ता त्यांचं म्हणणं मांडत असे. त्यांचा अधिकार बोलण्यात नव्हता, नेमण्यात आणि काढण्यात होता.

अमेरिकेची राज्यघटना यांच्याकडून घेतली हे खरं का?

‘घेतली’ हा शब्द फार मोठा आहे, आणि इतिहासकारांत यावर जोरदार वाद आहे. निश्चित गोष्टी एवढ्या: १७४४ साली लँकेस्टरच्या वाटाघाटींत कॅनासटेगो या ओनोंडागा वक्त्याने वसाहतींना आमच्यासारखी एकी करा असा सल्ला दिला. फ्रँकलिनने ते भाषण छापलं. १७५१च्या एका पत्रात त्याने या संघाचा दाखला दिला, तोही त्यांना अडाणी म्हणत. १९८८ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या संघाचं ऋण मान्य केलं.

मला जास्त बोलकं वाटतं ते घटनाकारांनी काय सोडलं ते. कुळमाता त्यांनी घेतली नाही. १८४८ साली सेनेका फॉल्सला अमेरिकी स्त्रियांची पहिली हक्क परिषद भरली, ती याच लोकांच्या जुन्या भूमीत. सिरॅक्यूजजवळ राहणाऱ्या मटिल्डा जोस्लिन गेज यांनी होदिनोशोनी स्त्रियांच्या अधिकारांबद्दल सविस्तर लिहिलं, आणि १८९३ साली मोहॉकांच्या लांडगा कुळाने त्यांना आपलं मानलं.

मण्यांचे पट्टे म्हणजे पैसे होते का?

नाही. ते पैशासारखे वापरले वसाहतवाल्यांनी. वँपम म्हणजे समुद्री शिंपल्यांचे पांढरे आणि जांभळे नळीदार मणी. त्यांचा पट्टा म्हणजे करार, आणि तो हातात धरून वाचणारा माणूस म्हणजे त्या कराराची स्मृती. हायावाथा पट्ट्यावर जांभळ्या पार्श्वभूमीवर मधे एक झाड आणि दोन्हीकडे दोन-दोन चौकोन, सगळे एका रेषेने जोडलेले. तोच आज संघाचा झेंडा. न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयात असलेले बारा पट्टे १९८९ साली ओनोंडागांना परत मिळाले.

ते खरंच शांतताप्रिय होते का?

आपसांत, हो. बाहेरच्यांशी नाही. घरात माणूस मेला की त्याची जागा भरायला कैदी आणायची मोहीम निघायची. काही कैद्यांना कुळात सामावून घेत, काहींना हाल करून मारत. बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारावरून सतराव्या शतकात भीषण युद्धं झाली आणि १६४९ साली ह्यूरॉन लोकांचा संघ त्यांनी उद्ध्वस्त केला. फ्रेंच आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांशी मोठा तह झाला तो १७०१ साली माँट्रियलला. या लोकांवर माझं प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही.

मग त्यांची जमीन गेली कशी?

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाने लांबघर दुभंगलं. ओनायडा आणि टस्करोरा बहुतांशी अमेरिकनांकडे, बाकीचे इंग्रजांकडे. १७७९ साली वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हनच्या फौजेने चाळीस गावं जाळली, फळबागा तोडल्या, आणि स्वतः सलिव्हनच्या अहवालानुसार १,६०,००० बुशेल (धान्य मोजायचं माप) मका नष्ट केला. कोठीवरच घाव. त्या हिवाळ्यात हजारो निर्वासित नायगारा किल्ल्याभोवती थंडीने आणि उपासमारीने हैराण झाले. आपण जिथे धबधबा पाहायला जातो, तिथून किल्ला गाडीने अर्ध्या तासावर. वॉशिंग्टनला ते ‘गावं उद्ध्वस्त करणारा’ म्हणतात, आणि प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला आजही तेच नाव आहे.

इंग्रजांकडून लढलेल्यांना १७८४ साली कॅनडात ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन मिळाली. त्यातली आज सुमारे पाच टक्के उरली आहे. नंतर मुलांना घरांपासून तोडून निवासी शाळांत घातलं गेलं. याच नदीकाठच्या ब्रँटफर्डची अशी शाळा १९७० साली बंद झाली. रोज मिळणाऱ्या बेचव लापशीवरून मुलांनी तिला ‘लापशीचं बीळ’ म्हटलं होतं.

युरोपीयांनी इथल्या मूळ लोकांवर केलेल्या अत्याचारांचा दाखला महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच दिला होता, आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या इतिहासाशी जोडून. पुण्यात बसून त्यांना हे दिसलं होतं.

आज ते आहेत का?

आहेत. न्यूयॉर्क राज्यात, ओंटारियोत, क्यूबेकमध्ये, विस्कॉन्सिनमध्ये. ग्रँड नदीकाठची वसाहत कॅनडातली मूळ रहिवाशांची सर्वांत मोठ्या लोकसंख्येची वसाहत आहे. ओनोंडागात प्रमुख आजही कुळमाता निवडतात. १७९४च्या कॅनंडाग्वा तहाप्रमाणे अमेरिकी सरकार त्यांना दरवर्षी कापड देतं. तागा छोटा होत गेला आहे, पण ते रोख घ्यायला तयार नाहीत, कारण कापड येतंय तोवर तह जिवंत आहे.

१९२३ साली डेस्काहे नावाचे कयूगा प्रमुख स्वतःच्या राष्ट्राच्या पासपोर्टवर जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे दाद मागायला गेले. त्यांना आत बोलू दिलं नाही. २०१० साली लॅक्रॉस या जाळीच्या काठीने चेंडू खेळायच्या खेळातला त्यांचा संघ तशाच पासपोर्टवर मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला निघाला, ब्रिटनने प्रवेश नाकारला, आणि संघाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेण्यापेक्षा स्पर्धा सोडली. लॅक्रॉस त्यांच्यासाठी निर्मात्याने दिलेला खेळ आहे, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळतात. २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे, आणि आपल्या झेंड्याखाली खेळू द्या ही त्यांची मागणी आहे.

बघायला कुठे जाता येईल?

रॉचेस्टरजवळ व्हिक्टर गावाला गॅनोंडागन आहे. सेनेकांचं मोठं गाव इथे होतं, फ्रेंचांच्या स्वारीत १६८७ साली उद्ध्वस्त झालेलं. आता सालीचं पूर्ण आकाराचं लांबघर बांधलेलं आहे. आत जाऊन बाकावर बसता येतं, आढ्याला मक्याच्या वेण्या दिसतात. नायगाऱ्याच्या वाटेवर दोन तास जास्त धरा. लाकडी मुखवट्यांबद्दल विचारू नका, कोणी दाखवले तरी फोटो काढू नका. ते पवित्र आहेत आणि इतरांनी पाहू नयेत असं त्यांचं स्पष्ट सांगणं आहे.

त्याच ठिकाणच्या प्रकल्पात जुन्या वाणाचा पांढरा मका पिकवतात, राखेऐवजी चुन्याच्या निवळीत शिजवून, हाताने निवडून. भाजलेलं पीठही मिळतं. मी त्यात ताक घालून आंबील करते, वरून थोडा मेपलचा पाक. पाहुण्यांना आधी वाडगं देते, प्रश्न त्यानंतर सुरू होतात.